पावसात जाम झालेले व्हॅनचे मागचे ब्रेक: ड्रम उघडण्यापासून हवा काढण्यापर्यंत

मृगाच्या आधी गाडी अंगणात लावली, हँडब्रेक घट्ट ओढला, वर ताडपत्री टाकली. गणपतीला चार दिवस असताना चावी फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. पण क्लच सोडला तर गाडीचं मागचं अंग खाली दबलं आणि चाक मात्र तसूभर हललं नाही. कोकणात ज्यांच्याकडे जुनी ओम्नी आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांनी हा प्रसंग एकदा तरी अनुभवला असेल. माझी व्हॅन २००६ सालची. तिचे मागचे ब्रेक मी आजवर चार वेळा पूर्ण उघडून केलेत. त्यातली पहिली वेळ चुकांचीच होती. पुढे लिहिलंय ते त्या चुकांसकट शिकलेलं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ड्रमवर बाहेरून दिसणारा तांबूस थर हा आजार नव्हे. तो चार ब्रेक मारले की घासला जातो. खरा आजार म्हणजे आतले सरकणारे भाग सरकेनासे होणं: व्हील सिलिंडरचे (तेलाच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा भाग) पिस्टन, बॅकप्लेटवर (ड्रममागची स्थिर तबकडी) घसरणारे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या अर्धगोल पट्ट्या), शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा अ‍ॅडजस्टर आणि हँडब्रेकची केबल. या चार जागा मोकळ्या झाल्या तर काम झालं. नुसता ड्रम चकचकीत केलात, नवे लायनर (शूवरचा घासणारा थर) बसवलेत आणि या जागा तशाच ठेवल्यात, तर पुढच्या पावसात पुन्हा हेच करावं लागेल.

मागचेच ब्रेक का गंजतात

१९८४ साली आलेली मारुती व्हॅन पुढे ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. रचना साधी. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, ताकद मागच्या चाकांना, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि दोन्ही चाकांना जोडणारा सरळ अ‍ॅक्सल, त्याच्या दोन टोकांना ड्रम ब्रेक. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचे ब्रेक करतात. मागचे शू ड्रमला हलकेच घासतात. घासणं कमी, म्हणून गंज आपोआप साफ होणंही कमी. त्यात ड्रम म्हणजे झाकण लावलेला डबा. व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, गाडी काढली की पाणी आत शिरतं, पण वारा लागून वाळत नाही. समुद्राजवळच्या गावात त्या ओलाव्यात मीठ असतं, आणि खारट ओल लोखंड फार लवकर खाते. वर हँडब्रेक ओढलेला असेल तर शू ड्रमला चिकटूनच बसतात आणि दोघांच्या मधे गंज धरतो.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, हेही ध्यानात असू द्या. शूच्या पत्र्यावर लायनरच्या खाली गंज धरला की तो फुगतो आणि लायनरला आतून उचलतो. वरून जाडी भरपूर दिसते, पण लायनर पत्र्यापासून सुटत चाललेला असतो. म्हणून जाम झालेली गाडी जोराने अ‍ॅक्सिलरेटर देऊन ओढू नका. मी पहिल्या वेळी तेच केलं. ‘टक्’ असा आवाज आला, गाडी सुटली, मला आनंद झाला. ड्रम उघडला तेव्हा आत अख्खा लायनर सुटून फिरत होता. हलक्या गिअरमध्ये एकदा पुढे, एकदा मागे असा झोका देऊन पाहा. चाकामागून ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा धरून ठोका. तेवढ्याने सुटली नाही तर तिथल्या तिथेच उघडा.

उघडण्याआधी दोष ओळखा

मागची दोन्ही चाकं उचलून, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक सोडलेला ठेवून एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट दिशेने फिरेल. डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी) तसं होतं, त्यात दोष नाही. चाक जड वाटत असेल तर क्रमाने तपासा. आधी गाडीखाली जाऊन हँडब्रेक केबलचा नट सैल करा. चाक मोकळं झालं तर दोष केबलमध्ये. नाही झालं, तर त्या चाकाचा ब्लीडर निप्पल (बॅकप्लेटमागचा, तेल-हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) अर्धा फेरा सोडा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकून राहत होता. म्हणजे अ‍ॅक्सलकडे येणारा रबरी होस आतून फुगून बंद झालाय किंवा मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) तेल परत घेत नाहीये. निप्पल सोडूनही चाक जडच, तर अडकलंय ते ड्रमच्या आत. या तपासणीला दहा मिनिटं लागतात. ती न करता ड्रम उघडून, सगळं नवं बसवून, शेवटी दोष त्या होसमध्येच निघालेला मी पाहिलाय.

जमवाजमव

दोन जॅक स्टँड लागतीलच. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. विटांवरही गाडी ठेवू नका, वीट एकदम फुटते. स्टँड अ‍ॅक्सलच्या नळीखाली, पाट्याच्या जवळ लावा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. मागची चाकं वर गेल्यावर गिअर आणि हँडब्रेक दोन्ही निरुपयोगी असतात, गाडी फक्त त्या दगडांवर उभी असते.

बाकी सामान: ब्रेक पाइपच्या नटसाठी फ्लेअर पाना (साधा पाना नटचे कोपरे गोल करतो), निप्पलच्या मापाचा रिंग पाना, ८ मिमीचे दोन लांब बोल्ट, स्प्रिंग ओढायला पक्कड, तारेचा ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर, उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस आणि सीलबंद डब्यातलं नवं ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच घ्या, बहुतेक डॉट ३ असतं. अर्धवट उरलेला गेल्या वर्षीचा डबा वापरू नका. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत येऊ शकतो. शिवाय तेच पाणी सिलिंडरला आतून गंजवतं.

मास्क लावा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. अनेक गॅरेजांत ड्रम काढला की कॉम्प्रेसरची हवा मारतात. तसं अजिबात करू नका. धूळ पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून खाली ट्रेमध्ये उतरवा आणि फडक्याने पुसून घ्या.

ड्रम काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि घाईमुळे सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

ओम्नीचा ड्रम अ‍ॅक्सलच्या तबकडीवर नुसता सरकवलेला असतो, चाकाचे नट त्याला आवळून धरतात. चाक काढल्यावर तो हाताने निघायला हवा. गंजलेल्या गाडीत तो दोन जागी धरतो. एक, मधल्या गोल भोकापाशी, जिथे ड्रम आणि अ‍ॅक्सलची कडा चिकटते. दुसरी जागा आत: वर्षानुवर्षं घासून ड्रममध्ये खोलगट पट्टा पडतो, त्याच्या कडेला गंजाची वरवंडी उभी राहते आणि शू तिच्यात अडकतात.

आदल्या रात्रीच मधल्या भोकाच्या कडेला आणि स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या आटेदार दांड्या) बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी पुन्हा मारा. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं दिसतील. गंजाने भरली असतील तर तारेने साफ करा. त्यांत ८ मिमीचे बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा. बोल्ट अ‍ॅक्सलवर टेकून ड्रमला बाहेर ढकलतात. एकच बोल्ट आवळत गेलात तर ड्रम तिरका होऊन आणखी फसतो. बोल्ट ताठ झाले की थांबा आणि स्टडच्या मधल्या सपाट जागेवर हातोडीने ठोके द्या. कडेवर मारू नका. ड्रम बिडाचा असतो, कडा उडते. स्टडच्या डोक्यावरही मारू नका.

ड्रम थोडा पुढे येऊन अडकला तर तो वरवंडीवर अडकलाय. तेव्हा बॅकप्लेटमागचं रबरी बूच काढा, तिथून स्क्रू-ड्रायव्हर घालून हँडब्रेकचा लिव्हर किंवा अ‍ॅडजस्टर मागे ढकला, म्हणजे शू आत येतील. गाडीच्या सालाप्रमाणे आतली रचना थोडी बदलते, म्हणून टॉर्च लावून आधी नीट बघा. हे टाळून ड्रम पिळून काढला तर शूच्या पिना उपटल्या जातात. मशालीने तापवायचा मोह होतो, पण इथे तो धोक्याचा. आत ब्रेक ऑइल आहे आणि लगेच मागे अ‍ॅक्सलचं ऑइल सील.

आत काय दिसतं

काही खोलण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी नमुना म्हणून जोडलेली राहू द्या. आणि ड्रम बाहेर असताना कुणीही ब्रेकचं पेडल दाबायचं नाही. पिस्टन उडून बाहेर येतात. घरात मुलं असतील तर गाडीची दारं लॉक करा.

आत ओल असेल तर ती कसली आहे ते ओळखा. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंग सोलतं. ते असेल तर व्हील सिलिंडर गळतोय. ओल जाडसर, काळपट आणि उग्र गंधकासारख्या वासाची असेल तर ते डिफरन्शियलचं तेल, अ‍ॅक्सलच्या सीलमधून येणारं. त्यासाठी अ‍ॅक्सल बाहेर ओढावा लागतो. ओढणीचं हत्यार नसेल तर ते काम मेकॅनिककडून करून घ्या. पण सील न बदलता नवे लायनर बसवू नका, आठवड्यात भिजतील. तेल प्यायलेले लायनर धुऊन, उन्हात ठेवून सुधारत नाहीत. ते फेकायचे, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. एकाच बाजूचे बदलले तर ओल्या रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते.

लायनरची जाडी सगळ्यात झिजलेल्या जागी बघा. दीड-दोन मिलिमीटर उरली असेल तर बदला. जाडी असूनही लायनर आणि पत्र्याच्या मधे नख शिरत असेल किंवा तांबडी रेघ दिसत असेल, तरीही बदला.

सिलिंडर, बॅकप्लेट, स्प्रिंग

व्हील सिलिंडरच्या दोन टोकांची रबरी टोपणं उचलून बघा. आत ओल असेल तर वायसर (पिस्टनवरचे तेल अडवणारे रबर) गेले. कोरडं असेल तर एका बाजूचा पिस्टन अंगठ्याने दाबा, दुसरीकडचा बाहेर सरकायला हवा. न हलणारा पिस्टन म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला गंज. सिलिंडर काढून, आतून पुसून, नख फिरवा. गुळगुळीत असेल तर वायसरचं किट चालेल. नखाला खड्डे लागले तर सिलिंडर बदला. खड्डे पॉलिश करून बुजत नाहीत, नवा वायसर महिन्याभरात कापला जातो. हा भाग फार महाग नाही, मी आता किटच्या नादी लागत नाही.

हे भाग पेट्रोलने, डिझेलने किंवा घासलेटने धुऊ नका. ब्रेकचं रबर खनिज तेलाने फुगतं. एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचे नवे वायसर पेट्रोलमध्ये बुचकळून बसवले होते. तीन दिवसांत चारही फुगून पिस्टन जाम झाले आणि घाटात ड्रममधून धूर निघाला. धुवायला ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट, आणि बसवताना लावायला ताजं ब्रेक ऑइल. वायसरची पातळ ओठासारखी कडा तेलाकडे, म्हणजे आतल्या बाजूला हवी.

सिलिंडर काढायला पाइपचा नट सोडावा लागतो. गंजलेल्या गाडीत नटऐवजी पाइपच पिळला जातो. नटवर स्प्रे मारा, आधी किंचित आवळा, मग सोडा, पुन्हा आवळा. पाइपवर हात ठेवून तो फिरत नाही ना ते बघत राहा. अ‍ॅक्सलवरच्या पोलादी पाइपला तारेचा ब्रश मारल्यावर खड्डे दिसले तर पाइप बदला. फ्रिजचा तांब्याचा पाइप लावून देणारे भेटतात. त्याला हो म्हणू नका. साधं तांबं सततच्या हादऱ्याने कडक होऊन चिरतं, आणि ब्रेकच्या पाइपला दुसरी संधी नसते.

आता अनेकांची नजर चुकवणारी जागा. बॅकप्लेटवर शू जिथे टेकून घसरतात तिथे लहान उंचवटे असतात, सहसा प्रत्येक शूला तीन. गंज आणि झीज मिळून त्यांवर खाचा पडतात. शू बाहेर जाताना त्या खाचेत अडकतो, परत येत नाही, आणि आपण स्प्रिंगला दोष देत बसतो. खाचा उथळ असतील तर कानशीने सपाट करा. खोल असतील तर वेल्डरकडून भरून घेऊन घासा. मग प्रत्येक उंचवट्यावर ब्रेकचं ग्रीस लावा, तुरीच्या डाळीएवढं. साधं ग्रीस उष्णतेने वितळून लायनरवर उतरतं.

गंजून खड्डे पडलेली स्प्रिंग बदलून टाका. ती तुटते तेव्हा तुकडा शू आणि ड्रमच्या मधे जातो आणि चालत्या गाडीचं चाक आवळलं जातं. हँडब्रेकचा लिव्हर जुन्या शूवरून काढून नव्यावर लावताना त्याची पिन साफ करून ग्रीस लावा आणि तो बोटाने सहज डुलतो का ते पाहा. अ‍ॅडजस्टरचे आटे किंवा दाते ब्रशने घासून तोच निकष लावा.

ड्रम आणि केबल

ड्रमच्या आतला किरकोळ गंज पॉलिश पेपरने आडवा-उभा घासून काढा. आतली वरवंडी कानशीने किंवा लेथवर उतरवा, पुढच्या वेळी ड्रम सहज निघेल. खोल चरे असतील किंवा ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरत असेल तर लेथवर घ्यावा लागेल. ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा ओतलेला असतो. त्याच्या पुढे गेलेला ड्रम भंगारात द्या. मधल्या भोकाची कडा आणि अ‍ॅक्सलची तबकडी लख्ख घासून तिथे ग्रीसचा हात फिरवा, फक्त स्टडच्या आट्यांना लागू देऊ नका. बाहेरून रंग द्यायचा तर द्या.

केबलचं आवरण कुठे चिरलंय का ते बोटाने चाचपा. चिरेतून पाणी शिरून तार आतच गंजते, मग हँडब्रेक ओढला जातो पण परत येत नाही. जड चालणारी केबल टांगून वरच्या टोकातून पातळ तेल सोडलं तर काही दिवस चालते. आवरण फाटलेलं असेल तर नवीच टाका.

जोडणी, हवा, चाचणी

जोडताना एकच क्रम पाळा: आधी शू अ‍ॅडजस्ट करायचे, केबल सगळ्यात शेवटी. शू ढिले ठेवून केबल ताणली तर हँडब्रेक लागतो, पण स्वयं-अ‍ॅडजस्टर काम करत नाही आणि पेडल खोल जातं. ड्रम बसवून चाक फिरवताना हलकीशी खरखर ऐकू आली की माप बरोबर.

पाइप उघडला असेल तर हवा काढावी लागेल. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला पुढे, म्हणून सर्वांत लांबचं चाक डावीकडचं मागचं. तिथून सुरुवात. काही व्हॅनना मागे एकाच सिलिंडरला निप्पल असतो, मग दोन्हीकडची हवा तिथूनच निघते. निप्पलला पारदर्शक नळी लावा, तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेला माणूस पेडल सावकाश दाबून धरेल, तुम्ही निप्पल सोडायचा आणि बंद करायचा. बंद झाल्याचं तुम्ही सांगितल्यावरच त्याने पाय उचलायचा. बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत हे चालू ठेवा. मधे मधे टाकी भरत राहा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. बॉडीवर सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.

पेडल घट्ट लागलं की जोरात दहा वेळा दाबा आणि सिलिंडर, पाइपचे नट टॉर्चने तपासा. मग केबल: मी पाच-सहा कटकटीत हँडब्रेक पूर्ण लागेल इतकीच ताणतो आणि सोडल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरतात ना ते पाहतो. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा.

पहिली फेरी रिकाम्या, सपाट रस्त्यावर. तीस-चाळीसच्या वेगाने जाऊन हलक्या पायाने पंधरा-वीस वेळा वेग कमी करा, मधे मधे ड्रमला थंड व्हायला वेळ द्या. त्यानंतर चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता गाडी चालवा, थांबवा आणि दोन्ही चाकांजवळ हाताचा मागचा भाग न्या. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर ती बाजू अजून आवळतेय, पुन्हा उघडा. हँडब्रेकची परीक्षा चढावर घ्या, माणसं गाडीत बसलेली असताना. पन्नास किलोमीटरनंतर चाकाचे नट परत बघा.

पुढच्या पावसाआधी गाडी लावून ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. पाण्यातून काढलेली गाडी लावण्याआधी शे-दोनशे मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवा, ड्रम आतून वाळतो. किनाऱ्यावर वाळूत गाडी नेलीच असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा आणि धुतल्यावर फिरवून आणा. गावी शेजारी कुणाला चावी देऊन ठेवता आली तर फार बरं. आमच्याकडे शेजारचे काका आठवड्यातून एकदा व्हॅन तिठ्यापर्यंत नेऊन आणतात. त्यांची पाव-अंडी आणून होतात, आणि गेल्या दोन गणपतींत माझी गाडी पहिल्याच गिअरला अंगणातून बाहेर पडली.